दोन बोटांची जागा

१

नाकावर माशी बसली आहे आणि ती हाकलायला हातच नाही, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?

म्हणजे हात असतो. तो कुठे जात नाही. कमरेशेजारी पडलेला असतो, बोटंही हलत असतात. पण मनगटावर पट्टा असतो आणि पट्ट्याचं दुसरं टोक पलंगाच्या लोखंडाला असतं. माशी नाकावरून ओठावर येते, ओठावरून डोळ्याच्या कोपऱ्यात. तुम्ही फुंकर मारता, मान झटकता. ती उडते आणि परत तिथेच येऊन बसते. अशा वेळी माणसाला दुखण्याने रडू येत नाही, माशीने येतं.

मी हे ऐकीव सांगत नाही. त्या वर्षी माझी झोप गेली. आधी रात्रीची गेली, मग दुपारची डुलकीही गेली. डोकं पिठाच्या गिरणीसारखं घरघरत राहिलं. तोंडातून शब्द थांबेनात. एक दिवस मी घरातली सगळी भांडी खिडकीतून खाली टाकली आणि अडवायला आलेल्या धाकट्या दिरांच्या हाताला कडकडून चावले. पडद्याच्या कापडाच्या दुकानात मी वीस वर्षं नोकरी केली, कुठल्या गिऱ्हाइकाला कधी मोठ्याने उत्तर दिलं नाही. आणि मी चावले! लेकीने आणि दिरांनी मिळून मला मनाच्या दवाखान्यात आणलं. दीर बिचारे हाताला पट्टी बांधून आले होते.

त्या बायकांच्या वॉर्डात 'बांधणं' हा शब्द कुणी उच्चारत नसे. तिथे त्याला 'आराम' म्हणत. "हिला आराम द्या." "कालच आराम झाला तिचा." एखादीचा नवरा भेटायला येऊन भाबडेपणाने म्हणायचा, "हिला जरा आराम करू द्या हो," आणि सगळ्या वॉर्डाच्या अंगावर काटा यायचा.

२

आरामाची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. भिंती फिकट हिरव्या. खिडकी उंचावर, तिच्यातून फक्त उजेड यायचा, बाहेरचं काही दिसायचं नाही. मधोमध एक लोखंडी पलंग, पाय जमिनीत बोल्टने घट्ट केलेले. गादीवर रेक्झिन. अंग जरा हललं की ते रेक्झिन सुस्कारा टाकायचं. दाराला तळहाताएवढी काच होती. दार बाहेरून कडीने बंद व्हायचं.

पट्टे चार. दोन हातांचे, दोन पायांचे. जाड कापडाचे, त्यांना ओळीने भोकं. भोकातून एक खुंटी वर यायची आणि तिच्यावर लोखंडी टोपण 'टक्' करून बसायचं. ते टोपण किल्लीशिवाय निघत नसे, आणि किल्ली एकच होती. ती कायम सिस्टरच्या कमरेला असायची.

पट्टे लावायचं काम मावशींचं. वॉर्डात दोन मावशी होत्या, थोरल्या आणि धाकट्या. थोरल्या मावशींचे हात भाकरीच्या तव्यासारखे मोठे आणि गरम. मला पहिल्यांदा आराम दिला तेव्हा त्या सारखं पुटपुटत होत्या, "झालं हं काकू, झालं. मला शिव्या द्या, पण पाय झाडू नका. तुमच्याच घोट्याला लागेल."

पट्टा लागला की त्याच्याखाली दोन बोटं घालून बघायची, हा तिथला नियम होता. दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. त्याहून कमी जागा असेल तर रक्त अडतं, जास्त असेल तर हात सुटतो. थोरल्या मावशी डाव्या हातापाशी बोटं घालायच्या आणि म्हणायच्या, "ठीक." मग उजवा हात, "ठीक." डावा पाय, "ठीक." उजवा पाय, "ठीक." मग दिवा बंद, दार बंद, कडी.

नियमाप्रमाणे त्यांनी मधूनमधून आत येऊन पुन्हा बोटं घालून बघायची होती. पण दोन बाया आणि सबंध वॉर्ड! जेवण वाढायचं, अंघोळी घालायच्या, कुणी न्हाणीघरात कोंडून घेतलं तर दार वाजवत उभं राहायचं. त्यामुळे त्या काचेतून डोकवायच्या आणि पुढे जायच्या. मी त्यांना दोष देत नाही.

३

पहिल्या दिवशी मी ओरडून ओरडून दमले. मग तहान लागली. मग लघवी लागली, आणि ती झालीही. शरम वाटायला सुद्धा जोर लागतो, तो उरला नव्हता. बाहेर जेवणाच्या थाळ्या वाजत होत्या. कुणीतरी मोठ्याने हसलं. जग चालू होतं आणि मी त्यातलं एखादं कपाट झाले होते. कपाटाला कुणी विचारत नाही, कसं वाटतंय म्हणून.

डोळे मिटले. आणि मनगटाखाली दोन बोटं सरकली.

मला बरंच वाटलं. आल्या मावशी, आता पाणी मागावं. बोटं कोमट होती. ती पट्ट्याखाली जरा थांबली, निघाली. मग उजव्या मनगटाला लागली. मग डाव्या घोट्याला, मग उजव्या.

"मावशी, पाणी," मी म्हणाले आणि डोळे उघडले.

खोलीत कुणी नव्हतं. दार बंद होतं. कडी काढल्याचा आवाज झालाच नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आणि आणखी एक. कुणीही 'ठीक' म्हटलं नव्हतं.

४

मी शाळेत दहावीपर्यंत शिकले, पण मला अक्कल आहे. मी स्वतःची समजूत घातली. इंजेक्शन दिलंय, गुंगी आहे. पट्ट्याखाली नाडी उडते, ती बोटासारखी वाटते. पण नाडी चारही ठिकाणी एकाच वेळी उडते. ती डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ओळीने फिरत नाही.

संध्याकाळी सिस्टर किल्ली घेऊन आल्या. दोन्ही मावशी सोबत होत्या. डाव्या हाताचा पट्टा बघून थोरल्या मावशी थबकल्या.

"अगं ए, एवढं घट्ट कुणी केलं?"

"मी कशाला करू?" धाकट्या मावशी म्हणाल्या. "तुम्हीच लावलेत ना!"

"मी तिसऱ्या भोकात लावला होता. हा बघ, चौथ्यात आहे."

"चष्मा कुठे ठेवलात?"

"माझ्या चष्म्यावर जाऊ नकोस हं! मनगटं बघ त्यांची, कसे वळ उठलेत."

"मग मी काय जादूने केलं? किल्ली तर सिस्टरकडे."

दोघी मान वळवून सिस्टरकडे बघायला लागल्या. या सिस्टर वयाने मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

"भांडू नका. चला, यांना अंघोळ घाला," एवढंच त्या म्हणाल्या.

५

मला पुन्हा आराम मिळाला, कारण मी गोळी थुंकले. या वेळी मी ठरवलं होतं, डोळे मिटायचे नाहीत.

छताला एक ओलीचा डाग होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग रेक्झिनने सुस्कारा टाकला. मी हलले नव्हते. गादी माझ्या पायाशी थोडी दबली, जसं आजाऱ्याच्या पायथ्याशी कुणी अलगद टेकावं.

डावा हात. मी मान वळवून पाहिलं. पट्टा माझ्या कातडीपासून उचलला गेला होता, बरोबर दोन बोटं मावतील एवढा, आणि त्या फटीतून मला चादर दिसत होती. फट हळूहळू मिटली. 'टक्' झालं. पट्टा एक भोक पुढे गेला होता.

उजवा हात. टक्. डावा पाय. उजवा पाय.

झालं, संपलं, असं मी मनाशी म्हटलं. ओरडायला तोंड उघडलं. आणि हनुवटीखाली, गळ्याला, दोन बोटं लागली.

ती सावकाश आत सरकली. एखाद्या पट्ट्याखाली सरकावीत तशी. गळ्याभोवती काहीतरी वर उचललं गेलं आणि परत बसलं. माझ्या गळ्याला पट्टा नव्हता. कुणाच्याच गळ्याला तिथे पट्टा लावत नसत. पण बोटं निघाली आणि कानाच्या खाली अगदी जवळ 'टक्' झालं. आवंढा गिळताना मला कापडाची कड जाणवली.

मी ओरडले नाही. ओरडता आलंच नाही.

६

सोडल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. तरुण होते, स्वभावाने चांगले. मान हलवत ऐकून घेतलं आणि गोळी वाढवली. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आणखी वाढवली. तिसऱ्यांदा मी शहाणी झाले.

खरं सांगायचं तर गोळ्यांनी मला झोप लागायला लागली. डोक्यातली गिरणी थांबली. मी वॉर्डात इतरांच्या वेण्या घालायला लागले, चादरींच्या घड्या करायला लागले. सगळ्या मला काकू म्हणायला लागल्या. एक आमची मास्तरीण होती. शाळेत शिकवत असे, आता वॉर्डाला शिकवायची. पाणी प्यायलाही रांग लावायची. एक आत्या होती, तिच्या तोंडात शिव्यांची खाण. आणि एक होती ती कधीच बोलत नसे, म्हणून तिचं नाव पडलं होतं गप्पिष्ट. यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी आराम मिळाला होता. त्याविषयी आम्ही बोलत नसू.

माझ्या लेकीचे दिवस भरत आले होते. ती पोट सावरत भेटायला यायची आणि बाकावर बसून धापा टाकायची.

"आई, मी बाळाला सांगून ठेवलंय, आजी आल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

"तुझं कधी कुणी ऐकलंय, जे ते ऐकेल?"

"म्हणून तर म्हणते, लवकर ये."

डॉक्टर तिच्यासमोरच म्हणाले, "काकू आता खूप सुधारल्यात. ते बोटांचं वगैरे गेलं ना, काकू?"

लेक माझ्याकडे बघत होती.

"गेलं," मी म्हणाले.

"छान. असंच राहिलं तर घरी जाल. पण पुन्हा तसं काही वाटलं, तर मला तुम्हाला ठेवून घ्यावं लागेल. चालेल?"

न चालून सांगते कुणाला!

७

मग ती पोरगी आली. पाठीला दप्तर लावूनच आली आणि त्याला कुणाला हात लावू देईना, म्हणून सगळ्या तिला कॉलेज म्हणायला लागल्या. सडपातळ, दांडगी पळणारी. फाटक दिसलं की धाव घ्यायची. आणि धाव घेतली की आराम.

पहिल्या खेपेला ती एवढी ओरडली की आत्याने कानात कापूस घातला. "काय फुप्फुसं आहेत मेलीची! रेल्वेत भोंग्याची नोकरी लागेल." दुसऱ्या खेपेला जरा कमी ओरडली. तिसऱ्या खेपेला ती बाहेर आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि तिने एक हात गळ्याला धरला होता.

मी तिची वेणी घालत होते. ती पुढे बघत हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू?"

"विचार की."

"हातापायांचं समजलं. पण गळ्याचा पट्टा कशाला लावतात?"

माझ्या हातातला कंगवा तिच्या केसांतच राहिला.

"तो प्रत्येक वेळी एक भोक पुढे जातो," ती म्हणाली. "मी मोजलंय. आता एकच उरलंय. पुढच्या वेळी मला श्वास घेता येणार नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी गोळी वाढवली."

पलीकडे सिस्टर ट्रे घेऊन उभ्या होत्या. बोलायला मी तोंड उघडलं आणि मला लेकीचं धापा टाकणं आठवलं. मी फक्त कंगवा काढला आणि तिच्या गळ्याला हात लावला. डाव्या बाजूला, कानाखाली, बोराएवढा निळा डाग होता.

"पळू नकोस," मी तिच्या कानात म्हणाले. "काही झालं तरी फाटकाकडे पळू नकोस. ऐकशील?"

"प्रयत्न करते," ती म्हणाली. पण पाय काही आपल्या मनाचं ऐकत नाहीत. त्या दिवसांत तर मुळीच नाही.

८

माझी घरी जायची वेळ ठरली. पिशवी भरून मी पलंगाखाली ठेवली होती. दुसऱ्या दिवशी लेक न्यायला येणार होती, त्याआधी त्याच संध्याकाळी डॉक्टर सही करणार होते. दुपारची जेवणं झाली आणि कॉलेजने धाव घेतली.

तिला फाटकापाशी पकडलं, उचलून आणलं. माझ्या पलंगाजवळून नेताना तिचा पाय माझ्या खांद्याला लागला. तिचे डोळे माझ्यावर होते. ती ओरडत नव्हती. "काकू, नको. काकू, सांगा ना," एवढंच म्हणत होती. चार वेळा 'टक्' झालं. चार वेळा 'ठीक' झालं. कडी लागली. सिस्टर काम उरकून डॉक्टरांच्या बैठकीला पलीकडच्या इमारतीत गेल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "आज गप्प राहा हं काकू. उद्या घरी जायचंय."

दुपारी वॉर्ड झोपतो. पंखे फिरत होते. मी आडवी झाले आणि कान त्या दाराकडे लावले. ती रडत होती. रडू दे, म्हणजे श्वास चालू आहे. मी माझ्या बाळाचा विचार करायला लागले. म्हणजे लेकीच्या बाळाचा. त्याचे पाय कसे असतील, मुठी कशा असतील.

मग मला दाराच्या आतून 'टक्' ऐकू आलं. लांबून, पण स्पष्ट. रडणं तसंच चालू होतं. पुन्हा टक्. जरा वेळाने पुन्हा. मी उठून बसले. पुन्हा. चार झाले.

रडणं थांबलं.

मी काही शूर बाई नाही. पाल दिसली तरी खुर्चीवर चढते. मी त्या दारापर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. कडी काढली ते आठवतं, कारण ती गार होती आणि माझे हात घामेजले होते.

९

कॉलेज पलंगावर ताठ पडली होती. डोळे उघडे, तोंड उघडं, आवाज नाही. चेहरा काळवंडायला लागला होता. तिच्या हनुवटीखालची कातडी दोन ठिकाणी आत दबलेली होती, एकमेकांना लागून, दोन बोटांएवढी. आणि ते दाब हलत होते.

मी माझी दोन बोटं तिथेच घातली.

काय लागलं ते मला सांगता येणार नाही. कापड लागलं. त्याखाली आणखी काहीतरी होतं, कोमट, माझ्या बोटांएवढंच. त्याने माझी बोटं बाहेर ढकलायला सुरुवात केली. मी नखांपासून कोपरापर्यंत सगळा जोर लावला. कॉलेजने शिट्टीसारखा बारीक श्वास आत घेतला.

"मावशी!" मी ओरडले. वीस वर्षं गिऱ्हाइकांसमोर गिळलेला सगळा आवाज त्यात होता. "अहो मावशी! सगळ्या या! बोटं आलीत! बोटं!"

बोलले. उद्याचं घरी जाणं मी स्वतःच्या तोंडाने घालवलं, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि खरं सांगते, हलकं वाटलं.

दोन्ही मावशी धावत आल्या. थोरल्या मावशींनी माझा दंड धरला. "काकू! उद्या घरी जाणार ना तुम्ही? डोकं फिरलं का?"

"फिरलंय म्हणूनच इथे आहे ना! किल्ली आणा, ही मरतेय!"

"अहो, काही घट्ट नाही, मी आत्ताच बघितलंय. हे बघा," असं म्हणत त्यांनी सवयीने उजव्या पायाच्या पट्ट्याखाली बोटं घातली. "हे बघा, ठी..."

त्यांचा शब्द अर्धाच राहिला. बोटं आत जात नव्हती. पट्टा वर उचललेला आम्हा तिघींना दिसत होता, खाली फट दिसत होती, फटीत हवा होती, आणि त्यांची तव्यासारख्या हाताची बोटं तिथे कशाला तरी अडत होती.

"इथे कुणाचा तरी हात आहे गं," त्या लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या.

मग त्यांनी दात आवळले आणि बोटं आत खुपसली. "धाकटे, पळ! सिस्टरला आण! जशा असतील तशा आण!"

दारात बाया जमल्या होत्या. केस विस्कटलेल्या, डोळे चोळणाऱ्या. आत्याने कॉलेजच्या गळ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या गळ्याला हात लावला. मास्तरणीचा हात तिच्या गळ्याला गेलाच होता. गप्पिष्टने आपल्या गाऊनची कॉलर खाली ओढली. कानाखाली जुना, पिवळा पडलेला डाग.

"तुलाही?" आत्या म्हणाली.

"सगळ्यांनाच!" मास्तरीण म्हणाली. "आणि सगळ्या गप्प! शाबास! आता उभ्या काय राहिलात?"

"जागा दोन बोटांचीच असते," मी म्हणाले. "ती भरा. त्याला जागा ठेवू नका."

मास्तरणीने डावा हात घेतला, आत्याने उजवा, गप्पिष्टने डावा पाय. प्रत्येकीने पट्ट्याखाली आपली दोन बोटं घातली. गळ्यापाशी मी होते. माझ्या बोटांवरचा जोर एकाएकी गेला. रेक्झिनने सुस्कारा टाकला. ते निघालं होतं, जागा शोधायला.

"इथे आलं," मास्तरीण ताठ होत म्हणाली. तिच्या कपाळावर घाम फुटला, पण आवाज वर्गातला होता. "भरलेली आहे! पुढे जा!"

"आईशप्पत!" आत्या किंचाळली आणि लगेच सुरू झाली. "इथेही नाही रे मेल्या! तुझ्या सात पिढ्यांना बोटं नसतील! दुसरं दार बघ!"

गप्पिष्टने डोळे घट्ट मिटले, मोकळ्या हाताने पाय कवटाळून धरला. सोडला नाही. थोरल्या मावशी म्हणाल्या, "ये, ये. या हातांनी रोज बांधते मी. आज बघते."

मग सगळं शांत झालं. मला माहीत होतं, आता ते कुठे येणार. आधी माझ्या बोटांच्या पेरांवर आलं. मग ती दोन कोमट टोकं माझ्या हाताच्या पाठीवरून, मनगटावरून, दंडावरून वर चढत आली, अगदी सावकाश, मोजत असल्यासारखी, आणि माझ्या स्वतःच्या गळ्यापाशी थांबली.

मी कॉलेजच्या डोळ्यांत बघत होते. ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"बस की," मी म्हणाले. "मी हात काढत नाही."

ते थांबलं. किती वेळ कोण जाणे. आमच्या पाच जणींच्या श्वासांचा आवाज होता, आणि सहावा कॉलेजचा.

१०

सिस्टर धावत आल्या, मागे डॉक्टर. डॉक्टर दारातच म्हणाले, "हे काय चाललंय? काकू, तुम्ही सुद्धा?"

"बोटं आहेत, डॉक्टर," मी म्हणाले. "होती, आहेत. गेली नव्हती कधी. मी खोटं बोलले होते. आधी हिला सोडवा, मग मला ठेवून घ्या."

सिस्टरने चारही टोपणं उघडली. टक्, टक्, टक्, टक्. बायांनी एकेक करून हात काढले. "ऊठ गं," सिस्टर म्हणाल्या.

कॉलेजने उठायचा प्रयत्न केला. हात उचलले, गुडघे उचलले. डोकं उशीवरून हलेना.

"ऊठ ना, सुटलीस," डॉक्टर म्हणाले.

"पाचवा राहिलाय," मी म्हणाले.

"कुठला पाचवा?"

सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कुठे म्हणून मला विचारलं नाही. किल्ली घेऊन त्या वाकल्या, कॉलेजच्या डाव्या कानाखाली, जिथे फक्त कातडी होती आणि तिच्यापुढे हवा, तिथे किल्ली टेकवली आणि फिरवली.

टक्.

खोलीत सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरांनीही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

कॉलेज उठून बसली. तिने एवढा मोठा श्वास घेतला की आत्या म्हणाली, "अगं, आम्हाला ठेव थोडी हवा!" आणि मग जे हसू फुटलं! मास्तरीण हसत होती, मावशी रडत आणि हसत होत्या, गप्पिष्टचे खांदे हलत होते. कॉलेजला आम्ही पलंगावरून उतरवलं. दोघींनी तिला दोन्हीकडून धरलं आणि आम्ही सगळ्या एखादी ढाल जिंकून आणल्यासारख्या वॉर्डाच्या मधून चालत गेलो. झोपलेल्या बाया उठून बसल्या. काय झालं हे माहीत नसताना एकीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

डॉक्टर बराच वेळ त्या खोलीत एकटे उभे होते. संध्याकाळी माझ्या पलंगापाशी आले. हातात कागद होता, पेन होतं. मीच म्हणाले, "वाढवायची का गोळी?"

ते बसले. लहान दिसत होते. "काकू," ते म्हणाले, "मीही ऐकलं."

"मग?"

"मग मला माहीत नाही." त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या कॉलरमध्ये बोट घालून ती सैल केली. "यापुढे कुणाला बांधावं लागलंच तर तिच्याजवळ माणूस बसेल. हात धरून. सबंध वेळ. माणूस नसेल तर मी बसेन."

"आणि मी?"

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली.

११

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला, त्याने आरामाच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढून नेलं, आणि मी माझ्या लेकीबरोबर घरी गेले.